तेरावी गाडी

टेंभुर्डीत माणसं कमी आणि गाड्या जास्त झाल्या त्याला चार-पाच वर्षं झाली. भिमाजी भगताचं डोकं फिरलं त्यालाही साधारण तेवढीच.

सिन्नरच्या अलीकडे फाट्यावरून आत वळलं की हे गाव. शेजारून मोठा रस्ता निघाला, त्यात गावाच्या जमिनी गेल्या, जमिनीचे पैसे आले, पैशाच्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांनी गावातला एकुलता एक रस्ता खाऊन टाकला. वेशीपासून खंडेरावाच्या देवळापर्यंत सरळ जाणारा हा रस्ता. पूर्वी त्यावरून समोरासमोरच्या दोन बैलगाड्या एकमेकींना न लागता निघून जायच्या. आता कडेला गाड्या उभ्या, आणि मधून मोटरसायकलसुद्धा अंग चोरून जाते. एसटीनं तर गावात शिरणंच सोडलं. ती फाट्यावर थांबते आणि म्हाताऱ्या माणसांनी औषधांच्या पिशव्या सांभाळत तिथून चालत यायचं. गाडीवाले त्यांना मागे टाकून काच वर करून निघून जातात.

भिमाजीला या लोकांची शिसारी यायची, आणि ती लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. उपसरपंच सोमनाथच्या घरापासून पार दिसतो, तरी गडी पारावर गप्पा मारायला गाडीतून येणार. आल्यावर गाडी सावलीत लावणार आणि पारावरची म्हातारी माणसं उन्हात सरकणार. गिरणीवाला मोतीराम भर चैत्रात, गावाला दिवसाआड पाणी असताना, नळी लावून गाडीला न्हाऊ घालायचा. त्या वेळी त्याच्या तोंडावर जी माया दिसायची ती त्याच्या आईच्या वाट्याला कधी आली नसेल. वरच्या आळीतले दोघे भाऊ वाटणीवरून बोलत नव्हते. ते एकमेकांच्या दारात गाडी आडवी लावून भांडण चालू ठेवत. आणि एका शहाण्यानं तर गाडी घ्यायच्या आधीच रस्त्यावर चार दगड मांडून तिची जागा धरून ठेवली होती. गाडी अजून आलेली नाही. दगडांना मात्र गाव वळसा घालून जातं.

"ह्यांना गाडी बसायला नाय लागत," भिमाजी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "दाखवायला लागते."

"अहो, हळू बोला की," त्याची बायको सरूबाई म्हणायची आणि दारात, कोंबड्या पोचणार नाहीत अशा उंचावर, कुरडया वाळत घालत राहायची.

हळू बोलायचं भिमाजीला कारण नव्हतं. गावात त्याचा एक मान होता आणि तो पैशानं आलेला नव्हता. चैत्र पौर्णिमेला खंडेरावाची यात्रा भरते. त्या संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत, बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसं बसवतात, आणि बैलांच्या जागी भगत खांद्यावर जू घेऊन त्या ओढतो. त्याला दोन्ही अंगांनी सावरायला दोन बगले असतात. मागून अख्खं गाव लोटतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण पहिला हिसका भगताचा. भिमाजीच्या बापानं ओढल्या, आज्यानं ओढल्या. बाकी वर्षभर भिमाजी कोबी-फ्लॉवर पिकवणारा साधा शेतकरी. त्या एका संध्याकाळी मात्र सोमनाथसुद्धा वाकून त्याच्या पाया पडायचा.

आता तोच मान आखडत चालला होता. बारा गाड्या वेशीपासून देवळापर्यंत ओढायची रीत. पण वेशीपाशी गाड्या लागायला लागल्या, तेव्हा यात्रा कमिटी म्हणाली, यंदा शाळेपासून ओढू. पुढे शाळेपाशी गाड्या लागल्या. मग पारापासून ओढल्या. दर वेळी सोमनाथ, म्हणजे कमिटीचा अध्यक्ष, एकच वाक्य बोलायचा, "देवाला चालतं, भगतबाबा." जणू देवानं त्याला सकाळीच फोन करून सांगितलं होतं.

यंदाची बैठक देवळाच्या मंडपात बसली. सोमनाथनं गाडीची किल्ली बोटावर फिरवत सांगितलं, "यंदा गिरणीपासून सुरू करू."

"बारा गाड्या बांधल्यावर लांबी किती होती, कधी पाहिलीस का?" भिमाजीनं विचारलं.

सोमनाथच्या बोटावरची किल्ली फिरायची थांबली.

"शेपूट गिरणीपाशी ठिवलं, तर तोंड देवळाच्या पायरीला लागतंय. मग मी काय ओढू? देवळाची भिंत?"

मंडपात हसू फुटलं. सोमनाथ हसला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग पाचच बांधू. पाच काय अन् बारा काय. व्हिडिओत कोण मोजतंय? देवाला चालतं."

भिमाजी उठला. ह्या माणसाला देव कळत नव्हता, रस्ता कळत नव्हता, आणि आकडेही कळत नव्हते. तरी गावानं त्याला पुढे बसवलं होतं, कारण त्याची गाडी सगळ्यांत मोठी होती. भिमाजीनं देवापुढच्या ताटातला भंडारा मुठीत घेतला आणि वर उधळला.

"येशीपासून देवळापातुर. बाराच्या बारा. नायतर हे जू तुमच्याच एखाद्या गाडीच्या टपावर बांधा अन् तिलाच भगत म्हणा. आन् वाटेत ज्याची गाडी ऱ्हाईल, तिला आमच्या गाड्या घासल्या तर माझ्याकडं यायचं नाय. तुझं तू अन् खंडेराव!"

भंडारा उधळून बोललेला शब्द म्हणजे शपथच. देवाच्या कोपाला टेंभुर्डीत आता कोणी भीत नाही, पण गाडीवर ओरखडा उठेल या विचारानं बऱ्याच जणांचा जेवणातला रस गेला.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून गाड्या हलायला लागल्या. कांदा काढलेल्या एका रिकाम्या वावरात त्या निघाल्या होत्या, आणि मालक असे तोंड पाडून चालवत होते जसं काही लेक सासरी धाडायची आहे. मोतीरामनं आपल्या गाडीवर चादर घातली, धुळीनं रंग जाऊ नये म्हणून. दोघे भाऊ एकाच वेळी निघाले आणि वेशीत एकमेकांना अडवून बसले. सोमनाथ सगळ्यांच्या शेवटी निघाला. चार दगडसुद्धा कुणीतरी उचलले. ठमाबाई म्हातारी कित्येक महिन्यांनी आपल्या दारात उभी राहून म्हणाली, "अगं बाई, समोर रस्ता हाय व्हय!"

बारा बैलगाड्या आसपासच्या गावांतून गोळा केल्या होत्या. टेंभुर्डीत धड दोन उरल्या होत्या. बाकीच्या आल्या त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. बैलगाडीलाही आता पायी यायची लाज वाटते, भिमाजीच्या मनात आलं.

रीतीप्रमाणे तो पहाटेपासून देवळात उपाशी बसला होता आणि संध्याकाळी त्याला शिवारातून, गावाबाहेरच्या वाटेनं, वेशीत नेलं. अंगाला हळद, कपाळ भंडाऱ्यानं पिवळं. मागे बारा गाड्या बांधून तयार. भिमाजीनं वेशीतून गावात पाहिलं आणि त्याचा ऊर भरून आला. पार देवळाच्या कळसापर्यंत रस्ता मोकळा होता. त्याला वाटलं, हे मी केलं. ह्या भिकारड्या, दिखाऊ लोकांना मी एकट्यानं वाकवलं. त्यानं सोमनाथकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर मान खाली घातली असती.

"भगता," आरतीचं ताट घेऊन आलेली ठमाबाई डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "आन् ते काय उभं हाय रं तुझ्या दारात?"

"कुठं काय? सरूच्या कुरडया हायेत."

"कुरडयांच्या खाली काय हाय?"

भिमाजीनं पाहिलं. कुरडयांच्या खाली सरूबाईचं जुनं लुगडं होतं. लुगड्याखाली चंदेरी कव्हर होतं. आणि कव्हराखाली, गेल्या दिवाळीपासून, त्याच्या पोराची, ललितची गाडी होती.

ललित नाशकात कंपनीत होता आणि त्याच्या बिल्डिंगीत गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून गाडी गावात राहायची. तिच्याखाली कोंबड्या बसायच्या आणि वर सरूबाईची वाळवणं व्हायची. भिमाजी रोज तिला टेकून तंबाखू मळायचा आणि समोरच्यांच्या गाड्यांना शिव्या द्यायचा. खोटेपणा म्हणावा तर तोही नव्हता. इतरांच्या त्या गाड्या होत्या, ही ललितची वस्तू होती. ती रस्त्यात आहे हे त्याच्या मनातच कधी आलं नव्हतं.

"लय नाकानं कांदे सोलीत होता गं," ठमाबाई शेजारणीला म्हणाली. तेही हळू नाही.

हसण्याची एक लाट वेशीपासून देवळापर्यंत गेली. भिमाजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गाडीच्या पुढे विजेचा खांब होता, मागे गटाराचा उंच ढापा, आतल्या अंगाला त्याचाच ओटा. पुढे-मागे सरकवायला जागा नव्हती, आणि उचलून रस्त्यावर घेतली तर होती तीही वाट बुजली असती. आणि किल्ली ललितकडे. कुणीतरी फोन लावून भिमाजीच्या कानाला धरला.

"आबा, निघालोय आम्ही," ललित ओरडून सांगत होता, मागे हॉर्नचा गदारोळ. "नाशकातच, द्वारका चौकात अडकलोय. हलायलाच जागा नाय!"

सूर्य डोंगराला टेकायला आला होता. लोक हाताची घडी घालून उभे होते. आपली गाडी वावरात धूळ खाते याचा राग एकाच्याही तोंडावर उरला नव्हता. सगळ्यांची फिट्टंफाट झाली होती.

तेवढ्यात सोमनाथ पुढे आला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "काय नाय, भगतबाबा. तुमच्या घराच्या पुढून सुरू करू. देवाला चालतं."

भिमाजीला कळलं की आत्ता हो म्हटलं की झालं. उद्यापासून ओट्यावर बसता येईल, पण तोंड उघडता येणार नाही. आज्याचं आणि बापाचं जू सोमनाथच्या वाक्याखाली गाडलं जाईल. तो खाली वाकला आणि त्यानं जू खांद्यावर घेतलं.

"सरूला म्हणा, कुरडया उचल."

"घासतील, बाबा," एक बगला कानाशी म्हणाला. "समोर भिंत हाय. गाडी अन् भिंतीमधून निघायचं म्हंजी घासणारच."

"घासू दे."

येळकोट येळकोट जय मल्हार! पहिला हिसका भिमाजीनं दिला आणि बारा गाड्या कुरकुरत हलल्या. शाळा गेली, पार आला. बांधलेल्या गाड्यांना एकदा वेग आला की त्या थांबवता येत नाहीत. सरूबाई कुरडयांचं लुगडं पोटाशी धरून बाजूला पळाली. भिमाजी आपल्या दारावरून पुढे गेला आणि मागे पहिल्या बैलगाडीच्या लोखंडी आखाचं टोक कव्हर फाडत पत्र्यावर लागलं. दाताला कळ जावी असा आवाज झाला.

"एक!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

दुसरी घासली. "दोन!" आता दहा-वीस गळे होते. तीन, चार. मोजायला ज्यांना गेल्या कित्येक यात्रांत वेळ नव्हता ते आज एकही गाडी चुकवत नव्हते. देवाच्या नावाला असा आवाज चढला नव्हता. भिमाजी मान खाली घालून ओढत होता आणि त्यांना मनातल्या मनात कुत्री, डुकरं, जे सुचेल ते म्हणत होता. "बारा!" अख्खं गाव एका सुरात ओरडलं आणि टाळ्या पडल्या. सूर्याची कड अजून डोंगरावर होती. जू देवळाच्या पायरीला लागलं.

तो पायरीवर बसला. छाती भात्यासारखी चालत होती, पण मान ताठ होती. शब्द पाळला होता. आता कुणी बोलून दाखवावं.

ललित आला तो फाट्यावरून पायी, बायको हर्षालीसह, घामानं निथळत. आधी तो घरापाशी थांबला. मग देवळाकडे आला. गर्दीनं त्याला वाट करून दिली, कारण पुढचं कुणालाच चुकवायचं नव्हतं.

"कुणी केलं, आबा?"

"मी," भिमाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आन् उद्याच्या उद्या ती इथनं हालव. गावाचा रस्ता हाय. गाडी बसायला असती, लोकांच्या वाटेत दाखवायला नसती."

ललित चिडला नाही. चिडला असता तर भिमाजीकडे उत्तर तयार होतं. तो फक्त थकलेला दिसत होता.

"आबा, मी गाडी घेणारच नव्हतो," तो म्हणाला. "मला कंपनीची बस हाय. तिकडं लावायला जागा नाय, म्हणून मी नकोच म्हणलो होतो. तुम्ही काय म्हणला? सोमनाथच्या दारात हाय, मोतीरामच्या दारात हाय, भगताच्याच दारात का नको? बसायला लागत नाय तर नको लागू दे, म्हणला. दारात दिसू दे."

सरूबाईनं कुरडयांचं लुगडं अजून पोटाशी धरलं होतं आणि ती जमिनीकडे पाहत होती. तिला ते बोलणं आठवत होतं, हे दिसतच होतं. भिमाजीनं सोमनाथकडे पाहिलं.

तो सोमनाथच्या हसण्याची वाट पाहत राहिला. सोमनाथ हसला असता तर बरं झालं असतं. पण सोमनाथ पुढे आला, रीतीप्रमाणे वाकून भगताच्या पाया पडला, ताटातला भंडारा चिमटीत घेऊन त्याच्या कपाळाला लावला, आणि आपल्याच माणसाशी बोलावं तसं हळूच म्हणाला, "देवाला चालतं, भगतबाबा."