कापराचा वास लागलेली बाटली

मित्रांनो, मी शिसवी लाकडाची एक जुनी पेटी. आज माळ्यावर धूळ खाते, पण एके काळी सांगलीजवळच्या आमच्या गावात माझा थाट काय विचारता! जोतीराम सुताराने मला घडवलं आणि रामगोंडा गुरुजींनी माझ्या साठ खणांत होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांच्या साठ बाटल्या बसवल्या.

आधी गाव हसलं. "साबुदाण्यानं कुटं दुखणं जातंय व्हय?" मग कुणाची जुनी खाज थांबली, कुणाच्या शिंका. चौऱ्याहत्तर साल उजाडेपर्यंत गुरुजींच्या ओट्यावर रांग लागू लागली. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगारसुद्धा पाळी संपवून यायचे. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेले होते. गुरुजी प्रत्येकाला बजावायचे, "बाटली कापराजवळ ठेवू नका, औषधाचा गुण जातो."

एका सकाळी रंगूबाई नातीला खांद्यावर टाकून धावत आली. पाच वर्षांची शालन. बाप पलटणीत, आई माहेरी बाळंतपणाला. पोरगी तापानं फणफणलेली, डोळे उघडेना. दोन दिवस माझ्याच गोळ्या चालल्या होत्या.

"गुरुजी, माजंच चुकलं! बाटली देव्हाऱ्यात ठिवली, कापराच्या डबीजवळ. गुण गेला बगा. दुसरी द्या, लगीच ताप उतरंल!"

रांगेतल्यांनी माना डोलावल्या. मलाही ते पटलं.

गुरुजींनी शालनची मान वाकवून पाहिली. ती वाकेना, ताठ झाली होती; ताप मेंदूत गेल्याची खूण. त्यांनी माझं झाकण खाडकन लावलं.

"कापराचं सोडा, रंगूबाई. ह्याचं औषध माझ्या पेटीत न्हाई. मिरजेच्या दवाखान्यात चला, आत्ताच्या आत्ता."

"आवं, समद्यांस्नी गुण दिलासा, आन् माज्याच नातीला न्हाई म्हंतासा?"

गुरुजी उठले. पोरीला उचलून ते रस्त्यावर गेले आणि उसाचा ट्रक अडवला. मागे रांगेत कुणीतरी म्हणालं, "संपली गड्या गुरुजींची विद्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याने शालन स्वतःच्या पायांनी ओट्यावर चढली. रंगूबाईनं ती बाटली परत आणली होती. "डागदर म्हनला, सांजपातूर थांबला असता तर पोर गेली असती." तिनं बाटली गुरुजींच्या हातात ठेवली.

गुरुजींनी ती बाटली फेकली नाही, पहिल्याच खणात ठेवली. रांग पुन्हा लागली, पहिल्यापेक्षा मोठी. पण कुणालाही गोळ्या देण्याआधी ते त्या बाटलीचं बूच काढून हुंगायचे, मग रोग्याकडे नीट बघून, हे दुखणं गोळ्यांचं की दवाखान्याचं, ते ठरवायचे.

मित्रांनो, गुरुजी गेले. मला पुसा, जपा, वाळवी लागू देऊ नका. आणि कधी गोळ्या द्यायला माझं झाकण उघडलंत, तर आधी पहिल्या खणातली बाटली हुंगा. कापराचा वास अजून येतो.