पाण्याचा रकाना

झाडांना पाणी न घालण्याचा मला सरकारी पगार मिळतो. हसू नका. पाणी न घालणं फार कष्टाचं काम आहे, त्यातून नवरा खात्याचा टँकर चालवत असला तर विचारूच नका.

झालं असं, की वाळवंट पसरू नये म्हणून बऱ्याच देशांनी मिळून एक करार केला आणि आपल्या सरकारने त्यावर थाटात सही ठोकली. त्यातून आमच्या वस्तीबाहेरच्या उघड्या माळावर चारशे झुडपं लागली. पहिलं वर्ष पाणी द्यायचं, पुढची दोन वर्षं थेंबही नाही. तरीही निम्मी जगली, तर कार्यक्रम आणखी वीस गावांत जाणार. नाहीतर इथेच गाशा गुंडाळणार. राखणीला मी. रोज सकाळी काटक्यांची कुंपणं नीट करायची, साचलेली वाळू उपसायची आणि वहीतल्या पाण्याच्या रकान्यात शून्य लिहायचं. अशी सातशे एकोणतीस शून्यं झाली होती. शाळेतसुद्धा मला एवढी मिळाली नव्हती.

शेवटच्या तपासणीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, संचालकसाहेबांची गाडी आली. मागे टँकर. टँकरमध्ये आमचे हे.

झुडपं बघून साहेबांचा चेहराच उतरला. उन्हाळ्यात ती पानं गाळून नुसत्या करड्या काड्या होऊन उभी राहतात. "बाई, हे काय? उद्या तपासणीला परदेशी पाहुण्या बाई येणार! सगळं कसं हिरवंगार दिसायला हवं. सोडा रे पाणी."

हे पाइप घेऊन उतरले. माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

"पाइप खाली ठेवा," मी म्हटलं.

"अगं, साहेबांचा हुकूम आहे."

"मग आज जेवायलाही साहेबांकडेच जा."

साहेब भडकले. "देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय म्हणून तर आडवी येतेय. आता पाणी पडलं की दोन वर्षांची मेहनत वाया."

"मग वहीत लिहू नका."

झालं! माझं डोकंच फिरलं. पण साहेबांवर ओरडून काय उपयोग? मी वही उघडली आणि पहिल्या पानावरचा खात्याचाच नियम मोठ्याने वाचला: पाणी देण्याचा हुकूम देणाऱ्याने तारीख, वेळ आणि कारण लिहून सही करावी. मग पेन पुढे केलं.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं. नियम दोनदा वाचला. "कारण काय लिहायचं?"

"हिरवंगार दिसावं म्हणून. लिहा की."

त्यांना घाम फुटला. अख्ख्या जगासमोर सरकारने करारावर सही केली, आणि साहेबांच्याने एका ओळीवर होईना! "वरून लेखी मागवतो," असं पुटपुटत ते गाडीत बसले. टँकर मग वस्तीतल्या दवाखान्याच्या टाकीत रिकामा झाला.

गाडी दिसेनाशी झाली आणि मी झुडपांकडे वळले. काड्या खरंच मेल्या असल्या तर? वीस गावांचा कार्यक्रम माझ्याच आगाऊपणाने बुडाला, असं सगळे म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, सोबत दुभाष्या. आल्या तशा सरळ वाळूत गुडघे टेकून बसल्या आणि नखाने एका काडीची साल खरवडली. आत कोरडं. दुसरी खरवडली, तीही कोरडी. तिसरीच्या सालीखाली हिरवा रंग दिसला, ओला. मग चौथी हिरवी, पाचवी हिरवी. बाईंनी सगळीच्या सगळी चारशे तपासली, मी वही धरून मागे मागे. दोनशे सदतीस जिवंत.

"दोन वर्षांत पाणी किती दिलं?" त्यांनी विचारलं.

"एक थेंबही नाही!" माझ्या आधी साहेबच छाती काढून म्हणाले. "आमच्या खात्याचं धोरणच कडक आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं.

बाई माती झटकत उठल्या. वीस गावांना मंजुरी, त्यांनी सांगून टाकलं. मग विचारलं, "ही जगवली कोणी?"

"आमच्या खात्याने," साहेब म्हणाले.

"आमच्या हिने," मागून आवाज आला.

आमचे हे! साहेबांसमोर कधी वर मान न करणारा माणूस टोपी हातात घेऊन पुढे आला होता. कान लालबुंद. "एकटीने जगवली. काल मी पाइप घेऊन आलो होतो, तर मलाही हाकललं हिने."

दुभाष्या घुटमळला. साहेबांकडे बघून म्हणाला, "हे पण सांगू?"

"सांगा," हे म्हणाले. "तेच आधी सांगा."

मला बाई रडू आवरेना. तशीच, सगळ्यांच्या देखत, रडत आणि हसत उभी राहिले.