रंग सुटलेली गोधडी

मी बुवापाड्यातल्या कौसाबाईंची गोधडी बोलतेय. तोंड वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, तरी सांगते.

दोन हजार चारच्या मे महिन्यात कौसाबाईंनी मला शिवायला घेतलं. त्यांची लेक यशोधरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. खाली मऊ झालेली दोन जुनी लुगडी, वर जीन्सच्या कापडाचे निळे चौकोन. ते तुकडे यशोधराच्या भावाने, मुकेशने, उल्हासनगरच्या कारखान्यातून आणलेले. कौसाबाई काठापासून आत आत धावदोरा घालत गेल्या. टाका तांदळाएवढा, वरून-खालून सारखा.

कोरं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचं, हे त्याच सगळ्यांना सांगत. पण यशोधरा पंधरा दिवस आधीच बाळंत झाली आणि नेमकं नळाला पाणी नव्हतं.

"राहू दे, एकदा काय होतंय," कौसाबाई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी बदलापूरहून यशोधराच्या सासूबाई रखमाबाई नात बघायला आल्या. उकाड्याने बाळ माझ्यावर घामाघूम झालेलं. त्यांनी ते उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"यशोधरा, पोरीची पाठ निळी पडलीय गं. आधी रिक्षा बोलवा."

बाळाला माझ्यातच गुंडाळून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ओला कापूस फिरवला. कापूस निळा झाला, पाठ स्वच्छ निघाली. डॉक्टर हसले.

"मावशी, टेन्शन नको. कलर सुटलाय फक्त," सोबत आलेला मुकेश म्हणाला.

रखमाबाई हसल्या नाहीत. "विहीणबाई, अख्ख्या बुवापाड्याला गोधड्या शिवायला शिकवता आणि नातीलाच रंगात बुडवलंत?"

कौसाबाई मान खाली घालून माझा काठ चाचपत राहिल्या. मला कुठे लपू असं झालं.

सव्वा महिन्याने बाळ बदलापूरला गेलं, दुकानातल्या ब्लँकेटमध्ये.

"आई, दे ना ती. धुतली की जाईल रंग," यशोधरा म्हणाली.

"नको गं. तुला तिथे बोलणी बसतील."

मग त्यांनी मला मिठाच्या पाण्यात इतक्यांदा भिजवलं, की पाणी नितळ राहू लागलं. आता माझा रंग सुटत नाही. पण खालची लुगडी डागाळली ती डागाळलीच.

आळीतल्या बायका दुपारी शिकायला येतात, तेव्हा कौसाबाई आधी मला उलटी पसरतात. "हे बघा. न भिजवता शिवलं की असं होतं. ही माझी चूक." बायका वाकून डाग बघतात, कुणी तोंडाला पदर लावून हसतं. पाच वर्षं मी अशी पसरले जातेय.

कौसाबाई, चूक जरूर दाखवा. पण माझी घडी घालण्याआधी एकदा माझे टाकेही दाखवा. एवढ्या धुण्यात एकही उसवलेला नाही.