मिशीच्या टोकाची खालची बाजू

“ज्ञानाला मत्सर ठाऊक नसतो,” असं निवृत्त हेडक्लार्क फुलपाखरू मंडळाच्या नव्या सभासदांना डोळे मिटून सांगत. गेल्या महिन्यात त्यांची मेहुणी सभासद झाली आणि हेडक्लार्कांना जेवण जाईनासं झालं.

वाद स्किपरांचा होता. ही फुलपाखरं नखाएवढी, पिवळसर तपकिरी आणि जुळ्यांनी लाजावं इतकी एकसारखी. बारा वर्षं हेडक्लार्क हात पाठीशी बांधून, उभ्या उभ्या “नारिंगी मिशीटोकाचा” असा निकाल देत आणि चिटणीस मुकाट्याने यादीत लिहून घेत. मेहुणी पडली दातांची डॉक्टर. तिला खालून बघायची सवय. पहिल्याच रविवारी ती सरळ गवतात पालथी पडली आणि म्हणाली, मिशीचं टोक खालून काळं आहे, म्हणजे हा वेगळाच. तेव्हापासून हेडक्लार्कांना विचारल्याशिवाय न शिंकणारे चिटणीसही तिच्या मागे मागे फिरू लागले. घरी बायको “आमची धाकटी” असं सुरू करायची आणि हेडक्लार्क ताट सारायचे.

आज सकाळी गारठ्याने एक स्किपर गवताच्या काडीवर गप्प बसला होता. हेडक्लार्क म्हणाले नारिंगी, मेहुणी म्हणाली काळं.

“तुम्हीच खालून बघा, भाऊजी. मी तोंड उघडत नाही.”

सगळ्यांच्या देखत माघार कशी घेणार? ते आडवे झाले. गर्दी केली तर उडेल म्हणून बाकीचे लांब थांबले. हेडक्लार्कांनी मान वाकडी केली. टोक दौतीत बुडवल्यासारखं काळंभोर होतं. तेवढ्यात ते फुलपाखरू भुर्रकन उडालं.

आता साक्षीला कुणी नव्हतं. ‘नारिंगी’ अगदी ओठांवर आलं. मेहुणीचा उतरलेला चेहरा त्यांना दिसूही लागला, छान दिसला. पण अख्ख्या नोकरीत त्यांनी एक खोटी नोंद केली नव्हती. जळली मेली सवय.

“काळं,” ते गवताला म्हणाले.

चिटणिसांनी मोठ्याने सांगायला लावलं. सांगितलं.

“मग साहेब, बारा वर्षांच्या याद्यांचं काय करायचं?”

मंडळ भोवती गोळा झालं. हेडक्लार्कांनी घसा साफ केला आणि मेहुणीकडे पाहिलं.

“ते मागाहून बघू. तू जरा हात दे गं, उठता येत नाहीये.”