क्लॅरिनेटपुढचा माइक

शाळेच्या बँडचं रेकॉर्डिंग करायला दोन माइक पुरतात. हे मी गेली अकरा वर्षं सांगतोय आणि गेली अकरा वर्षं कुणी ना कुणी मला शहाणपण शिकवायला येतंच. बँडमास्तरांच्या पाठीमागे एक उंच स्टँड, त्यावर वीतभर अंतर ठेवून दोन माइक, रुसलेल्या नवराबायकोसारखी जरा तोंडं फिरवलेले. झालं काम. मागचे ढोल मागे राहतात, पुढच्या बासऱ्या पुढे राहतात, आणि जो बेसूर वाजवतो त्याचा बेसूर बाकीच्या चाळीस जणांत विरघळून जातो. आईबापांना आपलं पोर तेवढं ऐकायचं असतं हे मला माहीत आहे. पण प्रत्येकाचं ऐकायला लागलो तर चाळीस माइक लागतील, आणि मग बँड कशाला म्हणायचं त्याला?

या वर्षी मात्र बँडमास्तर म्हणाले, "तुमच्या भाचीपुढे एक वेगळा माइक लावा. गेल्या वर्षी तिचा तुकडा जरा मागे पडला होता." मी हो म्हटलं. घरचंच पोर म्हटल्यावर माझंही तत्त्व बाजूला पडलं.

तो तुकडा दर वर्षीच्या शेवटच्या गाण्यात आहे. गाणं ऐन रंगात आलं की सगळे एकदम हळू होतात आणि एक क्लॅरिनेट एकटं वाजतं, मोजून वीस सेकंद. गेल्या वर्षी ते ठकूनं वाजवलं होतं. ठकू म्हणजे माझी भाची, वय तेरा. तिची आई, माझी ताई, तेव्हा तिसऱ्या रांगेत बसली होती.

फेब्रुवारीत ताई गेली. सोमवारी दवाखान्यात नेली, गुरुवारी आणली. ठकूचे वडील आहेत, पण ते दुसऱ्या संसारात आहेत. मी एकटाच, तेव्हा ती माझ्याकडे आली. एक बॅग आणि क्लॅरिनेटची काळी पेटी, एवढंच सामान. ती रडली नाही. मीही रडलो नाही. भेटायला येणारे म्हणत, "पोर खंबीर आहे हो," आणि मी मान डोलवायचो. आम्ही वेळेवर जेवायचो, ताटं घासायचो, वह्यांना कव्हरं घालायचो. घरात दोन माणसं होती आणि दोघंही पाहुण्यासारखी वागत होती.

घरी ती क्लॅरिनेट काढत नसे. "शाळेत होतो सराव," म्हणायची. शाळेत तो तुकडा आला की म्हणायची, "कार्यक्रमाच्या दिवशी वाजवते, सर," आणि बँडमास्तर स्वतःच तो गुणगुणून पुढे जायचे. आई गेलेल्या पोरीला कोण बोलणार? मीही खोदून विचारलं नाही. न विचारणं हाच आमच्या घरातला सभ्यपणा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी सभागृहात तिच्या खुर्चीपुढे स्टँड लावत होतो. लोकांना वाटतं, क्लॅरिनेटचा आवाज खालच्या भोंग्यातून येतो. तो बोटांखालच्या भोकांतून येतो. म्हणून माइक तिची बोटं जिथं येतील त्याच्या समोर, हातभर अंतरावर लावला. ती पेटी घेऊन आली आणि तिथंच थांबली.

"मामा, माझ्यापुढे नको ना लावू."

"का गं?"

"नको म्हटलं ना."

"लाजतेस कशाला? माइक काय खातोय का तुला?"

मी स्टँडच्या पायांना चिकटपट्टी लावली आणि पुढच्या कामाला लागलो. कानाचा धंदा करणारा माणूस मी, पण हे काही मी ऐकलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला. मी रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड रेकॉर्डिंगचं मशीन मांडून बसलो होतो. दुसऱ्या गाण्यात सवयीनं प्रत्येक माइक एकेकटा ऐकून पाहिला. तिसऱ्यावर, ठकूपुढच्या माइकवर, आलो तर बाजूच्या मुलींची क्लॅरिनेटं लांबून येत होती, आणि अगदी कानाशी नुसती टिकटिक. क्लॅरिनेटच्या पट्ट्या दाबल्या जात होत्या, सुटत होत्या. आधी वाटलं केबल गेली. केबल हलवून पाहिली, शिव्या घातल्या. मग पडद्याच्या फटीतून बघितलं. ठकूचं तोंड जागेवर होतं, गाल जागेवर होते, बोटं झरझर चालत होती. ती फुंकत नव्हती.

तिसऱ्या गाण्यातही तेच. चौथ्यातही तेच. पोर पाच महिने बँडमध्ये बसून नुसती बोटं चालवत होती आणि कुणाला पत्ता नव्हता, कारण चाळिसांत एक विरघळून जातो. हे मीच जगाला सांगत आलो होतो.

आता शेवटचं गाणं उरलं होतं आणि त्यात तिला लपायला कुणी नव्हतं. मी काय करणार होतो? माझ्या हाताखाली आवाज कमीजास्त करायची बटणं होती. कार्यक्रम थांबवायचा? मधेच जाऊन तिला उठवून आणायचं? मी काहीच केलं नाही, बसून राहिलो. भीतीसुद्धा नीट वाटली नाही.

गाणं रंगात आलं आणि सगळे हळू झाले. मागे एक ढोल आणि खाली जाड भोंग्यांचा एक लांब सूर, एवढंच उरलं. बँडमास्तरांनी डावा हात तिच्याकडे केला. तिनं क्लॅरिनेट ओठांना लावलं.

वीस सेकंद काही आलं नाही. बँडमास्तरांचा हात शेवटपर्यंत तसाच पुढे होता. मग सगळे पुन्हा जोरात वाजवायला लागले, गाणं संपलं, टाळ्या पडल्या. बहुतेकांना वाटलं असेल की गाणंच तसं आहे.

बँडमास्तर घाम पुसत माझ्याकडे आले. "गेल्या वर्षीचं रेकॉर्डिंग आहे ना तुमच्याकडे? त्यातला तिचा तुकडा काढा आणि इथं चिकटवा. तिचंच तर आहे, खोटं कसलं त्यात? बाकीच्या पोरांनी मर मर मेहनत केलीय. आणि तिचं हसं व्हायला नको." माणूस वाईट नाही.

घरी येताना ठकू म्हणाली, "दूध संपलंय." आम्ही दूध घेतलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी ते काम करायला बसलो. गेल्या वर्षीचा तुकडा उचलला आणि यंदाच्या रिकाम्या जागेत ठेवला. बँडमास्तर घड्याळासारखे हात हलवतात, त्यामुळे तो चपखल बसला. सांधा कुठं आहे हे मलाही ऐकू येईना. क्षणभर मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

ठकू दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"लाव ना परत," ती म्हणाली.

मी लावलं. तिनं भिंतीला टेकून सगळं ऐकलं.

"छान वाजवायची."

"कोण?"

"ही."

मी खुर्ची तिच्याकडे वळवली. पाच महिन्यांत पहिल्यांदा विचारलं, "कधीपासून फुंकत नाहीयेस?"

"आई गेली तेव्हापासून."

"का गं?"

"फुंकायला गेलं ना, की आतून दुसरंच काहीतरी यायला लागतं. मग मी बंद करून टाकते." नळाबद्दल बोलावं तशी बोलली. मग म्हणाली, "मामा, हे जुनं नको लावू."

"नाही लावत. पण मग तिथं काहीच नाहीये, ठकू."

"काहीच नाही कसं? माझं कालचं ऐकव."

मी तिला हेडफोन दिला, दुसरा मी घातला. तिसरा माइक एकटा ठेवला आणि आवाज जाईल तेवढा वर नेला. आधी एक श्वास आला. चांगला पोटातून घेतलेला, वीस सेकंद पुरेल असा. मग टिकटिक सुरू झाली. मला ते गाणं पाठ आहे. एक पट्टी चुकली नव्हती, एक बोट उशिरा पडलं नव्हतं. तिनं तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर वाजवला होता, फक्त हवेशिवाय.

"पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा लावलं. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मामा, श्वास घेतलेला ऐकू येतो. सोडला कुठं मी?"

मी पुढे शोधलं, मागे शोधलं. टिकटिक संपते आणि त्यावर अख्खा बँड येऊन पडतो. "सापडत नाहीये गं."

"सोडला असेलच ना कुठंतरी?"

"असेलच की."

तिनं हेडफोन काढला. आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं. मग दुसऱ्यांदा आलं, आणि मग तिचं तोंड लहान मुलासारखं उघडलं आणि ती मोठ्यानं रडायला लागली. "आई, आई," एवढंच म्हणत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माझी नजर आधी कॉम्प्युटरवरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यांकडे गेली, खोलीतला माइक चालू नाही ना, आवाज फाटेल. इतकी हाडात भिनलीय माझी सवय.

ती खूप वेळ रडली. माझ्या पंज्याखाली तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या. ताई माझीही होती. लहानपणी मला शाळेत हात धरून तीच न्यायची. तिच्या लेकीला जवळ घ्यावं, चार शब्द बोलावेत, एवढं तरी मला सुचायला हवं होतं. मला त्या पोरीचा हेवा वाटला, तिचं निदान बाहेर तरी आलं.