न सांगता दिलेला धक्का

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ज्याला एक पाय नव्हता तो मंचावर उभा होता.

स्थिरबाबांनी बोलता बोलता त्याच्या खांद्याला बोटं लावली आणि तो मागच्या मागे कलंडला. दोन शिष्यांनी त्याला झेललं. सभागृह हळहळलं. मग बाबांनी त्याच्या प्लास्टिकच्या पावलावर पितळी कडं चढवलं, डोळे मिटले, फुंकर मारली.

"सावध, बेटा! तुझ्या पायात आता धरणी उतरते आहे. घट्ट राहा! हा आला धक्का!"

धक्का आला. गडी जागचा हलला नाही. टाळ्यांनी छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं.

तिसऱ्या रांगेतल्या ताईनं मात्र टाळी वाजवली नाही. मंचावर उभा होता तो तिचा धाकटा भाऊ. ताई शाळेत विज्ञान शिकवायची, आणि भाजीवाल्यानं एक लिंबू फुकट घातलं तरी पिशवीच्या तळाशी काय सडकं आलंय ते आधी बघायची. सगळे बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ती हातांकडे बघत होती. पहिल्या वेळी हात खांद्यावर होता, दुसऱ्या वेळी कमरेवर. हे तिला काही केल्या पटेना.

धाकटा रंगारी होता. परांचीवरून पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. घरी तो साधा प्लास्टिकचा पाय लावायचा, पण रुग्णालयात त्याला मोटारीनं घोटा वळणाऱ्या कृत्रिम पायावर सराव मिळत होता. उरलेल्या पोटरीचे स्नायू आवळले की कातडीला टेकवलेल्या सेन्सरना ते कळायचं आणि मोटार घोटा वळवायची. हुकूम याचा, काम यंत्राचं. पण हुकूम कधी आणि किती जोरानं द्यायचा, हे शिकता शिकता बिचारा मेटाकुटीला आला होता.

"उद्या डॉक्टरीणबाईंना सांगून टाकतो, तो पाय दुसऱ्या कुणाला तरी द्या," घरी आल्या आल्या तो म्हणाला. "परवापासून मी कामावर. मुकादमाला कळवलंय."

"परांचीवर चढणार?"

"मग काय, जमिनीवर बसून छत रंगवू?"

हा पुन्हा पडला तर या वेळी पायावर निभावणार नव्हतं. पण रागावून काही साधायचं नाही, हे ताई ओळखून होती.

"बरं, उभा राहा. डोळे मीट. मलाही जमतंय का बघू."

तिनं त्याच्या मागे गादी अंथरली. वाकून कडं काढलं आणि त्या जागी पडद्याची कडी सुतळीनं बांधली. पाऊल प्लास्टिकचं, त्याला काय कळणार! मग आवाज घोगरा करून ती सुरू झाली. "सावध, बेटा! धरणी उतरते आहे! हा आला धक्का!" आणि तिनं कमरेला रेटा दिला, धडक्या पायाच्या बाजूला.

धाकटा ढिम्म. "पाहिलंस?" तो छाती फुगवून म्हणाला.

"पाहिलं. आता तू बघ."

त्यानं डोळे उघडले. पडद्याची कडी बघून तो म्हणाला, "बाबांची कृपा अंगात उरली असेल."

"असेल की. मग अस्सल कडं घाल."

त्यानं कडं घातलं. "पाणी देऊ का?" म्हणत ताई मागे गेली आणि मध्येच त्याचा खांदा मागे ओढला, खोट्या पायाच्या बाजूला. धाकटा धाडकन गादीवर.

"मुद्दाम केलंस!" तो ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते.

"हो, मुद्दाम. बाबाही मुद्दामच करतात. धक्का येणार हे आधी कळलं की शरीर अंग आवळतं, भार धडक्या पायावर घेतं. शिवाय धक्काही खाली, कमरेला, आणि धडक्या पायाकडेच. पडशील कसा? कड्याआधीचा मात्र गाफील गाठून, खांद्याला. यात कड्याचं काम काय?"

तो कडं चाचपत राहिला. तेव्हा तिनं विचारलं, "नवी परांची बांधली की चढण्याआधी काय करतोस?"

"हलवून बघतो."

"बांधणाऱ्याला सांगून?"

"सांगून कशाला? सांगितलं तर तो पलीकडून धरून ठे..." बोलता बोलता तो थांबला.

दुसऱ्या संध्याकाळी तो स्वतःच मंचावर चढला. "बाबा, काल सांगून ढकललंत. आज न सांगता ढकला. खांद्याला."

"शंका आली की शक्ती जाते, बेटा."

"वारा सुटला तर तो मला आधी विचारणार आहे का?"

मागच्या रांगांत हशा पिकला.

"बरं, माझं राहू द्या. तुमच्या पायातही कडं आहे, आणि तुमचे तर दोन्ही पाय धड आहेत. एकावर उभे राहा. मी बोलता बोलता बोटं लावतो."

बाबांना तेवढ्यात ध्यानाची वेळ झाली. ते मागच्या दारानं गेले. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी उलट धाकट्यालाच चार शब्द सुनावले. असंही होतंच.

मुकादमाला त्यानं कळवलं, इतक्यात येत नाही. आणि पुन्हा रुग्णालयाची वाट धरली. ताईच्या संशयातून मोटारीचा पायही सुटला नव्हता. "यात तरी कशावरून फसवणूक नाही?" तिनं तोंडावर विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "ढकलून बघा की. न सांगता. सुरुवातीला पडतील, तेही बघा."

तो पडला, बऱ्याचदा पडला. वरून पट्ट्यांनी बांधलेला असल्यामुळे लागलं नाही. हळूहळू मात्र उरलेली पोटरी वेळेवर आवळायला लागली. एका सकाळी ताईनं पाठीमागून खांदा ओढला. मोटार गुरगुरली, घोटा ताठला, धाकटा हेलकावला आणि उभा राहिला.

"परांची अजून नाही हं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

चमत्कार सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याशी भांडत बसू नका. तपासू देता का, एवढंच विचारा. आणि दिलं तर खरोखर तपासा, मग ते कडं असो की यंत्र.

"आता बसला विश्वास?" ताईनं विचारलं.

धाकट्यानं आधाराच्या दांड्यांवरचे हात सोडले.

"आजच्यापुरता बसला," तो म्हणाला. "उद्या पुन्हा ढकल. आणि सांगू नकोस."