प्रतिवादी क्रमांक दोनची इस्त्री

मी एक जुनी इस्त्री आहे. वजन साडेतीन किलो, मूठ लाकडी, तळ एका कोपऱ्यात कायमचा काळवंडलेला. मित्रांनो, आजकालच्या वाफ सोडणाऱ्या हलक्याफुलक्या इस्त्र्या पाहिल्यावर तुम्हाला माझे हसू येईल. खुशाल हसा. माझी गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही, आणि ती तुमच्या निबंधाच्या वहीत बसेल असेही मला वाटत नाही. तरी सांगते, कारण माझ्याशिवाय ती सांगणारे कोणी उरलेले नाही.

कारखान्यात ज्या कामगाराने मला शेवटचे तपासले, त्याने खिशातला रुमाल काढून माझ्याखाली फिरवला आणि "चालते," असे म्हणून मला खोक्यात घातले. तेवढेच माझे बारसे. मग एका दुकानाच्या फळीवर मी वर्षभर धूळ खात पडले होते. शेवटी एक लॉन्ड्रीवाला मला उचलून घेऊन गेला आणि माझ्या नशिबाला कामाचे दिवस आले.

ती लॉन्ड्री बहीण-भावाची होती. भाऊ धुलाई बघायचा आणि घरोघर कपडे पोचवायचा. इस्त्रीचे काम बहिणीकडे. तिला सगळे ताई म्हणत. भाऊ म्हणे, भावजय म्हणे, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले समोरचे पेन्शनर आजोबाही म्हणत. आईचे आजारपण काढता काढता ताईचे लग्न राहून गेले होते. लोक हे असे सांगत, की जणू बसमध्ये छत्री राहून गेली.

पण काय हात होता तिचा! तळ किती तापला आहे हे ती माझ्याजवळ नुसता गाल नेऊन ओळखायची. रेशमाला मी कधी चटका दिला नाही तो तिच्यामुळे. गिऱ्हाइके माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "इस्त्री झकास आहे हो तुमची." मी मनातल्या मनात फुगायची. श्रेय तिचे असे आणि मिरवत मी असे.

गिऱ्हाइकांची नावे दुकानात कोणी लक्षात ठेवत नसे. कपड्यांवरून नावे पडत. एक होते चौकडीवाले, एक होत्या पदरवाल्या काकू. आणि एक होते कॉलरवाले. ते औषध कंपनीचे माल खपवणारे प्रतिनिधी. दिवसभर डॉक्टरांच्या दारात ताटकळायचे, म्हणून त्यांना कॉलर कडक लागायची. पहिल्यांदा ते तक्रार घेऊन आले. दुसऱ्यांदा कौतुक घेऊन आले. तिसऱ्यांदा ते नेमके दुपारी आले. त्या वेळी भाऊ कपडे पोचवायला गेलेला असे.

पुढचे तुम्हाला सांगायला नको. कॉलरवाल्यांना बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती, आणि हे ताईला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ती भोळी होती असे मी म्हणणार नाही. तिला फक्त ताई म्हणवून घ्यायचा कंटाळा आला होता. ते तिला ताई म्हणत नसत. "अगं" म्हणत. त्या एका "अगं"वर तिने सहा वर्षे काढली. "मुलीची शाळा बदलू दे, मग बघू." "माझी बढती होऊ दे, मग बघू." असे त्यांचे "मग बघू" दर वर्षी नवे कपडे घालून येई.

आता ताईची चूक सांगते. चूक करावी तर तिच्यासारख्या कामाच्या बाईनेच. कॉलरवाल्यांच्या शर्टाची कॉलर घासून मानेपाशी विरली, की ती ब्लेडने टाके उसवून काढायची, कॉलर उलटी फिरवायची आणि न झिजलेली बाजू वर आणून पुन्हा शिवायची. मग मी तिच्यावरून फिरले की शर्ट नव्यासारखा दिसे. आमच्या दुकानात हे काम दुसऱ्या कोणालाच करून मिळत नसे. चिठ्ठी लिहिली असती तर त्यांनी फाडून टाकली असती. कॉलर मात्र ते अंगावर घालून थेट घरी नेत.

आणि त्यांच्या घरी कोण होते? शाळेत मुलींना शिवण शिकवणारी बायको.

एके दिवशी सकाळी ती आली आणि तिने काउंटरवर तीन शर्ट मांडले. भाऊ गल्ल्यावर होता, ताई माझ्यापाशी.

"ह्या कॉलरी कोणी पलटल्या हो?" तिने विचारले. आवाज अगदी साधा होता.

भावाला काय ठाऊक! त्याची छाती फुगली. "आमच्या ताईनं. हात बघा कसा आहे. टाका दिसतोय का कुठं?"

"नाही दिसत," ती म्हणाली. "म्हणूनच विचारलं. मी हे शर्ट पुसायला काढणार होते. तर एकेक करून नवे होऊन यायला लागले. सगळ्यांना करून देता का?"

"छे हो! आम्ही धुणार आणि इस्त्री करणार. हे कुठं करत बसणार?" भाऊ बोलला आणि बोलता बोलता थांबला.

तिने ताईकडे पाहिले. ताईने माझ्याकडे पाहिले. मी एका पांढऱ्या चादरीवर टेकलेली होते आणि मला उचलायचे कोणाला सुचत नव्हते. त्या चादरीचा डाग अजून माझ्या कोपऱ्यात आहे.

महिन्याभरात कोर्टाचा कागद आला. भावजयीने तो मोठ्याने वाचला. बायकोने घटस्फोट मागितला होता, मुलीचा ताबा मागितला होता. प्रतिवादी क्रमांक एक, नवरा. प्रतिवादी क्रमांक दोन, ताई. भावजय खाली बसली आणि म्हणाली, "वन्सं, हे काय करून ठेवलंत?" सहा वर्षे ती दुसरीच होती, कोर्टाने फक्त तसा आकडा घातला. पदरवाल्या काकूंनी कपडे दुसरीकडे टाकायला सुरुवात केली. पेन्शनर आजोबा येत, पण ताईशी न बोलता भावाला हाक मारत.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलरवाले आले. उभ्या उभ्याच बोलले.

"हे बघ, पुरावा म्हणजे तेवढे तीन शर्ट. बाकी तिच्याकडे काही नाही. तू सांगायचं, दुकानाची पद्धतच आहे. जुन्या गिऱ्हाइकांना पलटून देतो."

"शपथेवर?" ताईने विचारले.

"अगं, सगळे तेच करतात. ती केस हरली की मुलगी माझ्याकडे राहील. मग मी माझ्या मर्जीनं वेगळा होईन. मग आपण मोकळे."

ताईच्या हातात माझी मूठ होती. ती इतकी घट्ट आवळली गेली, की तिच्या मनात काय चालले आहे ते मला कळले. एका खोट्या वाक्यावर तिचे घर उभे राहणार होते. तिने मान डोलावली.

कोर्टात मी गेले नाही. इस्त्रीला कोण साक्षीला बोलावतो? पण संध्याकाळी दुकानात जे भांडण पेटले, त्यात सगळे ऐकले. आधी कॉलरवाल्यांची साक्ष झाली. ताईकडे हात करून ते म्हणाले, "ह्या ताई लॉन्ड्रीत असतात. मला बहिणीसारख्या आहेत."

मित्रांनो, त्यांनी तिला शिवी दिली असती तर बरे झाले असते. साऱ्या जगाने तिला ताई म्हटले होते आणि ती एका माणसाच्या तोंडी तरी वेगळी होती. तेही त्यांनी चारचौघांत काढून घेतले. आणि तरीही ताई उठली, शपथ घेतली आणि पाठ केलेले म्हणून दाखवले. दुकानाची पद्धतच आहे. जुन्या गिऱ्हाइकांना पलटून देतो.

त्यानंतर बायकोच्या वकिलाने भावाला साक्षीला बोलावले आणि दुकानाची अशी पद्धत खरोखर आहे का, ते विचारले.

"तुम्ही एक 'हो' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" भावजय नवऱ्यावर ओरडत होती. "सख्खी बहीण आहे ना?"

"त्या बाईनं माझ्याच काउंटरवर विचारलं होतं," भाऊ म्हणाला. "मीच तोंड वर करून 'छे हो' म्हटलं होतं. आता तिच्या तोंडावर शब्द फिरवू? मी खरं तेच सांगितलं. आम्ही कोणाच्या कॉलरी पलटत नाही म्हणून."

मग तो ताईकडे वळला. "त्यानं तुला बहीण म्हटलं, ताई. आणि तरी तू त्याच्यासाठी खोटं बोललीस?"

"त्यांना तसं म्हणावं लागलं," ताई हळूच म्हणाली. "वकिलानं सांगितलं असेल."

भावाने हातातला हँगर टेबलावर आपटला आणि तो बाहेर निघून गेला. मला ताईचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

निकाल लागला. घटस्फोट मिळाला, मुलगी आईकडे गेली. प्रतिवादी क्रमांक दोनची साक्ष विश्वास ठेवण्याजोगी नाही, असे न्यायाधीशांनी निकालातच लिहिले. ज्या बाईच्या भरवशावर अख्खी गल्ली रेशमी साड्या टाकून जायची, तिच्याबद्दल!

ताईने दुकान सोडले. जाताना भाऊ म्हणाला, "इस्त्री तरी घेऊन जा." वाटणीत तिला मी मिळाले. तिने एक खोली घेतली आणि एका ड्रेसवाल्याकडे काज-बटणांचे काम धरले. मी खाटेखाली गेले. माझ्या वायरीवर कोळ्याने जाळे केले, तळाला गंज धरला. ताई कपडे गादीखाली दाबून ठेवायची आणि तसेच चुरगळलेले घालून कामावर जायची. साऱ्या गल्लीच्या चुण्या मोडणारी बाई ती. तिला आरशात पाहायचे नव्हते. आठ महिने त्या खोलीचे दार कोणी वाजवले नाही.

नवव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, ते वाजले. कॉलरवाले होते. दाढी वाढलेली, हातात प्लास्टिकची पिशवी आणि एक कागद.

"मुलीला दोन तासांच्या वर भेटू देत नाहीत," ते खाटेवर बसत म्हणाले. "वकील म्हणतो, तू लिहून दे. तूच माझ्या मागे लागली होतीस, मी काही दाद दिली नव्हती. म्हणजे कोर्ट माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं बघेल."

ताईने कागद शेवटपर्यंत वाचला. "मग आपलं काय?"

"अगं, हे एवढं होऊ दे. मग बघू."

मी खाटेखालून तिचे पाय पाहत होते. त्यांना बाहेर घालवायला ते दाराकडे वळतील असे मला वाटले. एक पाऊल वळलेसुद्धा.

मग पिशवीतून शर्ट काढत ते म्हणाले, "आणि ह्याच्यावर जरा इस्त्री फिरवून देतेस? उद्या मुलीच्या शाळेत जायचंय."

ताई खाली वाकली. तिने मला ओढून काढले, माझ्यावरचे जाळे पदराने पुसले, तळाचा गंज चिंधीने घासला आणि प्लग लावला.

मित्रांनो, त्या वेळी मी जिवाच्या आकांताने म्हटले, की आज तापायचे नाही. जळून जावे, वायर तुटावी, काहीही व्हावे. पण मी लोखंड आहे. प्लग लावला की मला तापावेच लागते. मी तापले. तिने माझ्याजवळ गाल नेला, ऊब पुरेशी आहे हे पाहिले, आणि शर्ट पसरला. शर्ट झाल्यावर तिने सही केली.

जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना तुम्हाला विनवतात, की आम्हाला जपा. मला जपू नका. मला भंगारात घातलेत तरी माझी तक्रार नाही. तुमच्या घरात कोणी ताई असेल, सगळ्यांची कामे हसतमुखाने करणारी, तर तिला लहानपणीच "नाही" म्हणायला शिकवा. मला ते कधीच जमणार नव्हते. तिला जमले असते.